क्लॅरिनेटवाल्याचे तीन दात

नंदुरबारच्या एका बँडमध्ये सत्तारचाचा बत्तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत आले आहेत. हिरड्यांच्या दुखण्यात त्यांचे वरचे तीन दात गेले. मग कवळी बसवली. रनाळ्याच्या एका वरातीत ती सुटली आणि ऐन नाचात सूर फाटला. लोक हसले नाहीत, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. पण चाचांनी त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावला.

डॉक्टर जिया तरुण होत्या, समजावून सांगायच्या. हाडात दोन स्क्रू बसवायचे, हाड त्यांना धरेपर्यंत चार महिने थांबायचं, मग वर तीन दात. खाण्यापिण्याची पथ्यं त्यांनी कागदावर लिहून दिली. कामधंदा विचारला तेव्हा चाचा "बँडमध्ये आहे" एवढंच म्हणाले. डॉक्टरांना वाटलं, ढोल-ताशा असेल.

पौषात लग्नं नसतात, म्हणून तेव्हाच काम करून घेतलं. इंजेक्शनमुळे दुखलं नाही, पण ड्रिलची घरघर कवटीभर ऐकू येत होती. खरं दुखणं संध्याकाळी सुरू झालं. तिसऱ्या दिवशी वरचा ओठ नाकापर्यंत सुजला. त्यांच्या बायको, नईमाचाची, कपड्यात बर्फ गुंडाळून द्यायच्या आणि मुगाची पातळ खिचडी गार करून पुढे ठेवायच्या. चाचा एका बाजूने ती गिळत. बोलणं बंदच होतं.

पाचव्या दिवशी सूज उतरली. चाची बाजारात गेल्या होत्या. चाचांनी क्लॅरिनेट जोडलं आणि हळूच एक सूर काढला, मग दुसरा. तिसऱ्याला तोंडात खारट चव आली. दोन टाके उसवले होते.

डॉक्टरांनी पुन्हा टाके घातले. हातमोजे काढल्यावर त्यांनी विचारलं, "क्लॅरिनेट वाजवता, हे आधी का नाही सांगितलंत?"

चाचांनी ओठावर रुमाल धरला होता. "तुम्ही खाण्याचं विचारलं," ते म्हणाले. "फुंकायचं नाही विचारलं."

डॉक्टरांनी पथ्याच्या कागदावर खाली एक ओळ वाढवली: चार महिने फुंकायचं नाही.

म्हणजे उन्हाळ्यातली बरीचशी लग्नं गेली. चाचा बँडच्या मालकाकडे, अजितकडे, सांगायला गेले. आपल्या जागी दुसरा माणूस बघ, असंच ते सांगणार होते. अजितने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाचा, झांज धरा. पन घर बशी ऱ्हाऊ नका."

चाचांनी झांज धरली. पहिल्याच वरातीत कळलं, की झांज आदळली की झटका थेट जबड्यात जातो. ते ओठ मिटून, रांगेच्या कडेला चालत राहिले. पुढे तीही सवय झाली.

मे महिन्यात दात बसले. आरशात चांगले दिसत होते. क्लॅरिनेट तोंडात धरलं, सूरही लागला, पण काहीतरी चुकत होतं. वरचे दात मुखाडावर, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर, किती दाबले जातात, ते कळत नव्हतं. दोन गाण्यांतच जबडा ठणकायला लागला. आपल्या दाताच्या मुळाशी दाब कळतो, स्क्रूच्या दाताला तो कळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता ओठावरून आणि कानावरूनच अंदाज घ्यावा लागेल.

सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा कापून चाचांनी मुखाडावर चिकटवला. रोज सकाळी अर्धा तास फक्त लांब सूर धरायचे. नईमाचाचींनी एकदा विचारलं, गाणं कधी वाजवणार. चाचा म्हणाले, अजून दातांशी ओळख व्हायची आहे.

जूनच्या सुरुवातीला प्रकाशा गावात एक लग्न होतं. चाचांनी तीन तास वाजवलं. परतताना टेम्पोत त्यांचा जबडा दुखत होता. अजितने विचारलं, "दुखी ऱ्हायनं का?"

"थोडं," चाचा म्हणाले, आणि पुढच्या तारखा विचारायला लागले.