पालथा खिळा

लग्नपत्रिका हातात आली की आमचे आप्पा ती आधी उलटी धरून वाचायचे. सुलटी वाचताना डोळा पुढे पळतो आणि चूक निसटते, उलटी धरली की एकेक अक्षर मोजून घ्यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. श्रीरामपूरच्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. रोज बेलापूरहून सायकलवर जायचे आणि संध्याकाळी काळी बोटं घेऊन परत यायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण इंग्रजी मजकूर बिनचूक जुळवायचे. "अर्थ गिऱ्हाइकाचा, अक्षर आपलं," असं वर म्हणायचे.

मी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. स्वतःसाठी नवा घेतला तेव्हा जुना कॉम्प्युटर आप्पांना नेऊन दिला आणि घरभर कौतुक करून घेतलं. आप्पा दोन बोटांनी मराठी टाइप करायला शिकले. काय लिहिताय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "जल्मभर पत्रिका जुळवल्या, मिलिंदा. पोरीचं नाव मी जुळवायचो, अन् सासरी गेल्या गेल्या ते बदलायचं. मी जुळवलेलं नाव पत्रिकेसंगंच रद्दीत. आता एकेकीला इचारून लिहून ठेवतोय."

आप्पा वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांची माहेरची नावं गोळा करत होते. घरोघरी जायचे, चहा घ्यायचे, नाव विचारायचे. कागदावर टिपायचे नाहीत. नाव मनात घोळवत घरी यायचे आणि थेट टाइप करायचे. पलीकडच्या गल्लीतल्या शांताबाईंनी तर आधी त्यांना हाकललंच. नऊ वर्षांची असताना लग्न होऊन पुणतांब्याहून बेलापुरात आलेली ती बाई. नव्वदीला टेकली तरी पहिलं नाव तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चौथ्या खेपेला लाजत लाजत आप्पांच्या कानात सांगितलं. आप्पांनी त्या दिवशी मला मुद्दाम फोन केला होता. मी "हो का, वा" म्हणून ठेवून दिला.

आणि मग तो रविवार. दुपारी मित्रांबरोबर जेवायला निघालो होतो, एक पाय बुटात, आणि आप्पांचा फोन. "मशीन चालू व्हईना. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आल्यात." मग त्यांच्या पद्धतीने एकेक अक्षर सुटं करून त्यांनी सगळा मजकूर वाचून दाखवला. यंत्र सुरू व्हायला लागणारी एक फाईल गायब झाली होती. एकच. मी दिलेली सीडी त्यांच्या कपाटात होती आणि तिच्यावरून ती फाईल पुन्हा जागेवर ठेवता आली असती. पण त्यासाठी फोनवर अर्धा तास एकेक आज्ञा सांगावी लागली असती, आणि खाली मित्रांनी गाडीचा हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती.

"आप्पा, ते दुरुस्त होत नाही. सगळं नव्याने टाकावं लागेल," मी म्हणालो.

"एका फाईलपायी? आरं, आमच्याकडं एखादा खिळा कमी पडला, तर त्या जागी दुसरा पालथा लावून ठेवायचो. प्रुफात काळा चौकोन उठायचा. पाहिजे तो खिळा गावला की बदलायचो. जुळवलेला सगळा फर्मा थोडाच उधळायचो?"

"आप्पा, ते खिळे होते. हा कॉम्प्युटर आहे."

या कामातलं मला कळतं, यावर त्यांचा पुरता विश्वास होता. मी सांगत गेलो, ते कळा दाबत गेले. शेवटी थांबून म्हणाले, "हितं काय तरी इचारतंय. शेवटचा शब्द एल, ओ, एस, टी. म्हंजे काय रे?"

त्याचा अर्थ मला नीट माहीत होता. मी म्हणालो, "काही नाही, ते सगळ्यांनाच येतं. एंटर दाबा."

"माझं लिहिलेलं ऱ्हाईल ना?"

पेनड्राईव्ह दिला होता, त्यावर ठेवलंच असेल, असं मी धरून चाललो. विचारलं मात्र नाही. "राहील," म्हणालो आणि जेवायला गेलो. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "चालू झालं बरं का." एवढंच. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही, आणि माझ्या हातून ते काम झालं याचा मला अभिमानच होता.

वर्षभराने आप्पा गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, काकूने माझ्या हातात एक शाळकरी वही दिली. "मशीनमधलं समदं गेलं हुतं. त्या रविवारी जेवले न्हाईत. मला म्हनले, पोराला सांगू नको, त्याला लागंल." वहीत आप्पांनी सगळी नावं पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली होती. डावीकडे सासरचं नाव, उजवीकडे माहेरचं. मधूनमधून उजवीकडे नाव नव्हतं, बॉलपेनने गिरवलेला छोटा काळा चौकोन होता.

मी तिथेच वही उघडून उभा होतो, तेवढ्यात शांताबाईंची मुलगी कमलताई जवळ आली. शांताबाई सहा महिन्यांपूर्वीच वारल्या होत्या. "जयभीम, दादा. माझ्या नातीचं नाव ठेवायचंय. आईचं पहिलं नाव ठेवावं म्हंते. आमाला कुनालाच ठावं न्हाई, आप्पांनी कॉम्प्युटरात लिहिलंय. तुमी बघून सांगा ना."

मी वहीत शांताबाईंचं नाव शोधायला लागलो. ती पुढे म्हणाली, "आप्पा पुन्यांदा आल्ते, वही घेऊन, मशीन उघडत न्हाई म्हनले. पर तवर आईची वाचा गेल्ती. तासभर नुस्ते बसून ऱ्हायले. मी म्हनलं, तुमाला सांगितलंय की तिनं, आठवत आसंल. तर म्हनले, नऊदहा नावं एकात एक मिसळल्यात माझी. अंदाजानं अक्षर लावायचं नसतं."

मी तिला खरं सांगितलं. फाईल एकच गेली होती, ती मला परत आणता येत होती, मला जेवायला जायचं होतं, आणि आप्पांनी विचारलेल्या शब्दाचा अर्थ मी त्यांच्यापासून लपवला. कमलताई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने वहीतल्या आईच्या नावापुढच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग ह्ये आता कुनाला इचारायचं, दादा?"