देवळाबाहेरचे बूट

कुमुदताईंचा योद्धा देवळात शिरण्यापूर्वी बूट काढायचा. पाठीवर तलवार आणि मागे ड्रॅगन लागलेला असला, तरीही. पायरीशी येताच ताई व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरची बटणं दाबत, बूट थैलीत जात आणि तो धिप्पाड गडी अनवाणी आत जाई. त्याचं निम्मं संरक्षण त्या बुटांत होतं. त्यामुळे तो बहुधा देवळाच्या दारातच मरायचा.

"पण देव कोणता आहे हा?" मी एकदा विचारलं.

"मले काय माहीत? देव तर आहे न!"

इथे हिंदी मुलखात, तेलीबांध्याच्या तलावाजवळ आमची इमारत आहे आणि सोसायटीची सेक्रेटरी मी आहे. ताईंची ओळख तक्रारीतून झाली. खालच्या मजल्यावरच्या शुक्ला भैयांचं म्हणणं होतं की, वरच्या एकट्या बाईंच्या घरात रोज दुपारी मारामारी चालते. मी चौकशीला गेले. साठीच्या एका बाईंनी दार उघडलं. सुती साडी, हातात कंट्रोलर.

"बसा सेक्रेटरीबाई. आधी ह्या राक्षसाचं पाहून घेते."

राक्षसाचं पाहून झाल्यावर चहा आला. आवाज कमी ठेवण्याचं त्यांनी कबूल केलं आणि पाळलंही, मोठे राक्षस सोडून.

खेळाचं यंत्र मुलाचं, निखिलचं. ताईंचे यजमान रेल्वेत नोकरीत असतानाच गेले. अनुकंपेची नोकरी ताईंना मिळत होती. त्यांनी ती मुलासाठी राखून ठेवली आणि शिवणकाम करून त्याला वाढवलं. सज्ञान झाल्यावर निखिल त्या नोकरीला लागला. काही वर्षांनी राजीनामा देऊन बंगळुरूला निघाला. "तुझ्या बापाच्या जिवावर मिळाली होती ती," असं ताई त्याला तोंडावर म्हणाल्या. त्यावर तो काय म्हणाला, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. त्यानंतर दर दिवाळीला मोबाईलवर पणतीचं एक चित्र यायचं. तेवढंच.

यंत्र मागे राहिलं. धूळ पुसता पुसता ताईंनी एक दिवस ते लावून पाहिलं, तर निखिलचा योद्धा बर्फाळ डोंगराखाली उभा. "पोट्टा थंडीत उभा होता जी," त्या म्हणाल्या. "काहून उभा ठेवायचा?" म्हणून त्यांनी त्याला खालच्या गावात आणलं. तिथून सगळं सुरू झालं.

बुटांचा नियम मात्र जुना. निखिल शाळेत असताना खेळायचा, तेव्हा ताई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "बूट घालून देवळात जाऊन राहिला का रे?" त्याचं उत्तर ठरलेलं: "मम्मी, ये गेम है." आता स्वतः खेळताना एकदा त्यांनी बूट थैलीत न ठेवता रीतसर पायरीवर ठेवले. बाहेर येईपर्यंत गायब. त्या खेळात खाली ठेवलेली वस्तू पाठ फिरली की नाहीशी होत असे. ताईंना वेगळंच वाटलं. "देवळाबाहेरून चपला जातातच. पण इथं चोर बी दिसून नाही राहिला."

मग नवा भाग येणार असल्याचं जाहीर झालं. मला याद्या करायची सवय आहे. मी तीन रकाने आखले: जाहीर झालेलं, अफवा, आणि आपल्याला उपयोग नसलेलं. घोडा पोहणार. ऋतू बदलणार. आपण कसे वागलो ते गावकरी लक्षात ठेवणार. ("ते तर तात्यापाऱ्यात बी ठेवतात," ताई म्हणाल्या. त्या जुन्या मराठी वस्तीत त्यांचं माहेर.) खाली ठेवलेली वस्तू जागेवरच राहणार. इथे ताईंनी मोठी खूण केली. आणि शेवटचं: आमंत्रण दिलं, तर दुसऱ्या गावातला माणूसही आपल्या जगात येऊन खेळू, बोलू शकणार.

ताईंनी चष्मा पुसला. "हे अफवांत टाका."

"अहो, कंपनीनं जाहीर केलंय."

"कंपनीनं केलं. पोट्ट्यानं कुठं केलं?"

खेळ दोनदा पुढे ढकलला गेला. मी वैतागले. ताई शांत. "रेल्वेवाल्याच्या घरात जिंदगी गेली. उशिराची मले सवय आहे."

अखेर तो आला. निखिलला कळवा, असं मी सुचवलं.

"काय लिहू? मी चुकली म्हणून लिहू? मी नाही चुकली."

"मग ते सोडून बाकीचं लिहा."

बराच विचार करून त्यांनी लिहिलं, "नवा खेळ घेतला. घोडा खरंच पोहते. आमंत्रण पाठवलं आहे." उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र आलं.

"हे हो आहे का नाही?"

"हो आहे."

"कशाले हो?"

पुढे कित्येक आठवडे ताई दुपारी त्या जगात जात, देवळाच्या पायरीवर बूट ठेवत, आत जाऊन येत. बूट जागेवर असत. दुसरं कोणी नसे.

टाकी धुण्याची सूचना द्यायला गेले, त्या दुपारी ताई टीव्हीसमोर उभ्या होत्या. पडद्यावर देऊळ. पायरीवर चिखलाने माखलेले मोठे बूट होते. ताईंचे बूट अजून त्यांच्या योद्ध्याच्या पायांत होते. आत, मूर्तीपाशी, एक अनोळखी योद्धा पाठमोरा उभा होता. अनवाणी.

ताईंनी आपले बूट काढले आणि त्या बुटांशेजारी ठेवले. वाकडे पडले, म्हणून उचलून पुन्हा ठेवले. मग आत गेल्या.

"पाय धुतले का?" त्यांनी विचारलं.

टीव्हीतून आवाज आला.

"नदी से होके आया हूँ, मम्मी. घोड़ा सच में तैरता है."

मी सूचना टेबलावर ठेवली आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर शुक्ला भैयांची नवी तक्रार आली: वर आता दोन जण भांडतात, एक मराठीत, एक हिंदीत. मी ती नोंदवली. कारवाई केली नाही. पुढे ताई मुलाकडे राहायला गेल्या, यंत्रासकट. आठवडा झाला असेल, शुक्ला भैया पुन्हा दारात.

"दीदी, ऊपर से आवाज़ नहीं आ रही."

ही तक्रारसुद्धा मी नोंदवून घेतली.