डोंबिवलीच्या पोळ्या, खडवलीची गाय

गाय माझ्या थोरल्या बहिणीची. संकरित, तिसऱ्या वेताची. मेहुणे गेल्यापासून खडवलीतलं तिचं घर त्या एकाच गाईच्या दुधावर चालत होतं. मी डोंबिवलीत राहतो आणि ठाण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर संध्याकाळची पाळी करतो.

आमच्या इमारतीत उरलेली पोळी कचऱ्यात टाकत नाहीत, गाईसाठी ठेवतात. बहिणीकडे गाय आहे हे कळल्यावर चारही मजल्यांच्या पोळ्या माझ्या दाराशी येऊ लागल्या. त्यांत शिळा भात आणि सणाला पुऱ्याही असत. गाय आटली, म्हणजे विण्याआधीचं तिचं दूध बंद झालं, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, पाळीच्या आधी, मी ती गोणी खडवलीला पोचवत होतो. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, "पोटुशी आहे ना? मग तूप लावूनच देते."

बहिणीनेही भिजवलेल्या भरड्याचं आंबोण कमी केलं नव्हतं. गाईच्या फासळ्या दिसेनाशा झाल्या. शेपटीच्या बुडाशी चरबीच्या गाद्या आल्या. शेजारी थट्टा करत, "डोंबिवलीची सून दिसतेय." मला त्यात कौतुकच वाटलं.

ती सुखरूप व्याली. कालवड झाली. चीक संपल्यावर दुधावर बोटभर साय येऊ लागली. बहिणीने पातेलं माझ्यापुढे धरलं. "बघ, खाल्लेलं कसं उतरलंय."

दुसऱ्या आठवड्यात गाईने आंबोण सोडलं, मग पेंड, मग हिरवा चाराही. दूध मात्र चालू होतं. पाठ दिवसागणिक उतरत होती. बाळंतिणीला ताकद हवी म्हणून बहिणीने बाटलीने गोडंतेल पाजलं. शिंगं मी धरली होती.

कल्याणहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी गाईच्या तोंडाशी नाक नेलं आणि मलाही वास घ्यायला लावला. नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा गोडसर वास होता.

"ही स्वतःची चरबी जाळतेय," ते म्हणाले. "व्याल्यावर दुधाला जेवढं लागतं, तेवढं कुठलीच गाय खाऊ शकत नाही. थोडी चरबी सगळ्याच वितळवतात. पण विताना जी जास्त लठ्ठ असते, तिची भूक मरते. मग चरबी आणखी वितळते आणि लिव्हरमध्ये साठते. ती जाड सायसुद्धा तिच्या अंगातलीच होती. तेल बंद करा. तेलाने पोटात चारा पचत नाही, आणि ठसका लागला तर फुप्फुसात जातं. आटल्यावर काय घालत होता, ताई?"

"घरचंच," बहीण म्हणाली. "भुसा, थोडं आंबोण."

मी म्हणालो, "पोळ्या. गोणीभर."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ग्लुकोजची बाटली लावली.

दोन दिवस ग्लुकोज आणि पाजायचं गोड औषध चाललं. तिसऱ्या सकाळी गाईने दोन मुठी गवत खाल्लं. बहीण रडली. दुपारी गाय बसली ती उठली नाही. आम्ही दोघं तिला दर थोड्या वेळाने कूस बदलून देत होतो, खाली गोणपाटं सरकवत होतो. मी पाळीला गेलो नाही. बहिणीने बांबूचा पाला आणला, आंब्याची पानं, मेथीची जुडी. एकेक पान तिच्या ओठांत सारत होती. "खा गं माय. एक घास खा. माझं ऐकू नको, हिचं तरी ऐक." कालवड खुंट्याला ओढ देत हंबरत होती. पानं ओठांतून परत खाली पडत होती.

डॉक्टर पुन्हा आले. पापणी वर करून त्यांनी पिवळेपणा दाखवला. "लिव्हर थांबलंय, ताई." त्यांनी नवी बाटली काढली नाही.

गाय दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

तिला न्यायला टेम्पो यायचा होता. आम्ही गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलो होतो. मी विचारलं, "डॉक्टरांशी खोटं का बोललीस?"

"तू पाठीवर वाहून आणायचास."

"म्हणून?"

"ती जड झालेली मला दिसत होती रे. आटलेल्या गाईला एवढं घालत नाहीत, एवढं मला कळतं. पण तू एवढ्या हौसेने गोणी उतरवायचास. नाही म्हणवलं नाही."

टेम्पो आला. बहीण उठली आणि कालवडीला घराच्या पुढच्या बाजूला घेऊन गेली.