म्हणा, माफ केलं

"डोळे मिटा. खोल श्वास घ्या. आणि म्हणा, मी माफ केलं."

पुण्याहून आलेली समुपदेशक मॅडम बोलत होती. ग्रामपंचायतीच्या हॉलात आम्ही बौद्धवाड्यातली माणसं सतरंजीवर बसलेलो. समोर खुर्च्यांवर गावातली मोठी माणसं. मधोमध अण्णा, माजी सरपंच, बागायतदार. कार्यक्रम त्यांनीच ठेवलेला. मॅडमला बीडच्या स्टँडवरून आणायला गाडीही त्यांचीच गेलती.

आणि भिंतीला टेकून त्यांचा पोरगा उभा होता. जामिनावर सुटलेला.

जयंतीच्या मिरवणुकीवरून आमच्या वस्तीवर जमाव आला होता. दिवसाढवळ्या. दारं फोडली, गाड्या पेटवल्या, बायांना केसाला धरून बाहेर ओढलं. माझी सासू, मी तिला आत्याबाई म्हणते, तिला अंगणात पालथी पाडून ह्याच पोरानं तिच्या पाठीवर पाय दिला. त्या दिवसापासून आत्याबाईची वाचा बसली. लेकरं भांडं पडलं तरी किंचाळायची. धडधाकट गडी भरदुपारी आतून कडी घालून बसायचे. माझा नवरा नेकनूरच्या बाजारात चार माणसं एकत्र दिसली की माघारी फिरायचा.

आम्हाला इलाज हवाच होता. म्हणून तर गेलो.

अण्णा म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. केस मागं घ्या. तुमच्याबी डोक्याचा ताप जाईल."

मॅडमनं मान हलवली. "राग धरून ठेवला की आजार वाढतो. आता सगळ्यांनी एकमेकांचे हात धरा."

पोरगा पुढं आला. आत्याबाईसमोर वाकला. हसत हात पुढं केला.

"धर की गं म्हातारे."

आत्याबाईचं लुगडं ओलं झालं. सतरंजीवर ओल पसरत गेली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. आणि अण्णा ओरडले, "आरं, सतरंजी उचला ती!"

सतरंजी. म्हाताऱ्या बाईची भर सभेत अब्रू गेली, आणि यांना सतरंजीची पडलेली.

मी उठले. 

"मॅडम, ह्यानंच तिच्या पाठीवर पाय दिलता."

मॅडमचा चेहरा उतरला. पण म्हणाली काय? "आपण भूतकाळात नको जाऊया."

"भूतकाळ? तो तुमच्या म्होरं उभा हाय!"

"कावून वातावरण बिघडवती गं?" अण्णा खुर्चीतूनच गरजले.

"घरं आमची फोडली, आन वातावरण मी बिघडवलं? माफी मागितली कुणी, की मी माफ करू?"

आत्याबाईला धरून मी बाहेर पडले. बरेच जण मागोमाग आले. सगळे नाही आले. अण्णांच्या रानात राबणारे काही मान खाली घालून बसून राहिले. त्यांची चूल कुणाच्या हातात आहे, मला ठाऊक आहे. त्यांच्यावर नाही, त्या चुलीवर हात ठेवणाऱ्यावर माझा राग आहे.

मग आम्ही आमच्या विहारात बसायला लागलो. बाया, गडी, सगळे. एकच गोष्ट ठरवली. इथं कुणी कुणाला 'विसर' म्हणायचं नाही. सुरुवातीला नुसतेच बसायचो. एकदा माझा नवराच हुंदका देत बोलला, "माझ्या आयला वढीत व्हते, आन मी कडब्याच्या गंजीत लपून बघत व्हतो." कुणाला मान वर करवेना. आत्याबाई सरकत सरकत त्याच्यापाशी गेली. डोक्यावर हात ठेवला.

"बरं केलंस लेकरा. जिता राह्यलास."

इतक्या महिन्यांनी तिचा आवाज ऐकला. घोगरा, गंजलेला. आणि मग तिनं पाय देणाऱ्याचं नाव घेतलं. बापाच्या नावासकट. त्यानंतर लोक बोलायला लागले. कुणी रडलं, कुणी भिंतीवर मुठी आपटल्या. आम्ही एकमेकांना धरून होतो.

अण्णांनी माणूस धाडला. "विहारात कसली कुजबुज चालती, बंद करा म्हणले."

मी म्हणाले, "कुजबुज न्हाई म्हणावं. ऐकू येत नसंल तर भोंगा लावतो."

बीडच्या कोर्टात तारीख लागली की आम्ही सगळे एसटीनं जाणार आहोत. आत्याबाई साक्ष देणार. नाव घेऊन, बोट दाखवून. आम्ही बरे होऊ, न होऊ. दचकून उठणं थांबेल, न थांबेल. केस मागं घेणार नाही.