सकाळच्या नऊ नोंदी

कौशल्याकाकूंच्या समोरच्या खोलीत खुर्च्या एकमेकींकडे पाठ करून मांडलेल्या असतात. वाट पाहत बसलेल्यांनी एकमेकांची तोंडं पाहू नयेत, म्हणून. सिंदी मेघे गावातलं त्यांचं वधू-वर सूचक मंडळ सव्वीस वर्षांचं आहे. अंगणवाडीत नोकरी करता करताच त्यांनी ते सुरू केलं.

मुलगी वडिलांसोबत आली, की काकू आधी पीकपाण्याचं विचारतात. मग म्हणतात, "काकाजी, समोरून तर्री-पोहे आणता का? माहे गुडघे नाई चालत." त्यांचे गुडघे चांगले चालतात. काकाजी बाहेर पडले, की त्या मुलीकडे वळतात. "आता सांग. तुले कसा पाह्यजे?"

कागदावर मात्र त्या काही लिहीत नाहीत. कागद कोणीही वाचतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दोन वर्षांपूर्वी, पुण्याहून गावी परत येऊन मी घरूनच कंपनीचं काम करू लागलो, तेव्हा त्यांना एक साइट करून दिली. सगळी माहिती क्लाउडवर. समोरचा माणूस बोलत असतानाच काकू एका बोटाने टाइप करतात. पुनर्विवाहासाठी येणाऱ्या बायकांच्या फॉर्ममध्ये त्यांनी माझ्याकडून एक जादा चौकट करून घेतली होती, 'घरी काय सांगून आली'. मी हसलो होतो.

"हसू नको आदेश. उद्या हिच्या घरच्याईनं विचारलं तं मलेबी तेच सांगा लागन ना."

मागच्या वर्षीचा परिचय मेळावा आठ दिवसांवर आला होता. रविवार होता. दुपारी घरी बसून मी यादी साफ करत होतो. ज्यांची लग्नं जमली होती, त्यांच्या नावापुढे तशी खूण करायची होती. संगणकाला द्यायच्या अशा आज्ञेत खूण कोणाकोणाला करायची, ते सांगणारी एक ओळ लागते. ती ओळ मी विसरलो. दोन वाजून नऊ मिनिटांनी अकराशे चाळीस जणांची लग्नं एका झटक्यात जमली, आणि प्रत्येकाच्या घरी अभिनंदनाचा मेसेज गेला.

काकूंचा फोन वाजू लागला. एक प्रभाकरराव तर आनंदाने ओरडतच होते. "बाई, आमच्या धीरजचं जमलं म्हणते! पोरगी कोन्ती हाये, ते तं सांगा!"

"काकू, अर्ध्या तासात ठीक करतो," मी म्हणालो.

आणि ते ठीक करता येत होतं. क्लाउडवरचा डेटाबेस मागच्या सात दिवसांतल्या कोणत्याही मिनिटाला परत नेता येतो. जुना तसाच राहतो, आणि त्या मिनिटाला जसा होता तसा एक नवा शेजारी उभा राहतो. आपण फक्त वेळ सांगायची. मला दोन वाजून आठ मिनिटं सांगायची होती. पण सर्व्हरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, हे मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचा अभिमानही होता. मी साडेपाच तास वजा करून आठ अडतीस टाकले. त्या पानावर भारतीय वेळच घेतली जाते, असं चौकटीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही.

नवा डेटाबेस तयार झाला. मी यादी उघडली. सगळे पुन्हा अविवाहित. साइट नव्या डेटाबेसला जोडली, आणि मग जे केलं ते नुसत्या घाईत केलं नव्हतं. माझ्या चुकीची खूण कुठे राहू नये, म्हणून जुना डेटाबेस पुसून टाकला. त्याचे बॅकअप ठेवायचे का, असं विचारलं गेलं. मी नाही म्हटलं.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "आदेश, सकाळी नऊ जण येऊन गेले. एकबी दिसून नाई राह्यला."

मला तिथेच कळलं. आठ अडतीस. नवी यादी सकाळच्या आठ अडतीसची होती, त्यानंतरचं सगळं जुन्यासोबत पुसलं गेलं होतं. आणि मी म्हणालो, "काकू, सेव्ह दाबलं होतं ना?"

"दाबलं असन बावा," काकू म्हणाल्या, आणि मग हळूच, "नसन दाबलं. वय झालं आता."

मी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

सोमवारी, मंगळवारी काकूंनी आठ घरांना फोन लावले. त्या घरांचे नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये होते. मी समोर बसून त्यांचं बोलणं ऐकत होतो. "माह्याच हातून गेलं जी. पुन्हा एकडाव सांगा." एका मुलाच्या आईने त्यांना सुनावलं, "होत नसन तं सोडून द्या न बाई!" काकू हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं.

नववी नोंद रीताची होती. वडनेरची, नवऱ्याने टाकलेली, भावाकडे राहणारी. ती घरी न सांगता आली होती. एका मैत्रिणीचा नंबर तिने दिला होता, तो फक्त त्या नोंदीत होता. मेळाव्याची पुस्तिका शुक्रवारी छापायला जाणार होती.

"दारापर्यंत तीनदा येऊन परत गेली म्हणे ते पोरगी, तवा कुठं आत आली," काकू म्हणाल्या. "तिले आता कसं सोडू? भावाचं कृषी केंद्र हाये रोडवर, एवढं आठवते मले. दुपारी तो दुकानात राहीन. चाल, गाडी काढ."

बुधवारी माझ्या गाडीवर आम्ही हिंगणघाटवरून वडनेरला गेलो. घर सापडलं. पण भाऊ, अंकुश, नेमका जेवायला घरी आला होता. हात धुता धुता त्याने विचारलं, "कोण पाह्यजे?"

"रीताले भेटाचं होतं," काकू सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या. "केळझरच्या गणपतीले गेली होती न रविवारी, तवा वळख झाली. इकडून चाललो होतो, म्हटलं भेटून जाव."

आतून भावजय बाहेर आली. "केळझर? त्या तं हिंगणघाटले गेलत्या, डोळ्याच्या डॉक्टरकडे."

केळझरचं निमित्त त्या दिवशी आलेल्या दुसऱ्या बाईचं होतं. 'घरी काय सांगून आली' या चौकटीतला मजकूर गेला होता, त्यामुळे काकूंकडे फक्त आठवण होती, आणि ती चुकली.

रीता पाण्याचे ग्लास घेऊन आली. तिशीची असेल.

"वळखतं का वं या बाईले?" अंकुशने विचारलं.

तिने काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाई. मी नाई वळखत."

"माहीच गफलत झाली," काकू उठल्या. "दुसरी कोणी असन, दादा. चेहरे ध्यानात नाई राह्यत आता."

आम्ही निघालो तेव्हा आतून अंकुशचा आवाज येत होता, "मंग रविवारी कुठं गेलती?" रीताचं उत्तर ऐकू आलं नाही.

गावाबाहेर हमरस्त्यावर काकूंनी गाडी थांबवायला सांगितली. त्या चष्मा पुसत होत्या. "माह्या एका बोटानं पोरीचं घर बसवाचं सोडून उठवलं," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी सांगितलं. वेळेचं, वजाबाकीचं, आणि जुना डेटाबेस का पुसला तेही. ट्रक जात होते, त्यामुळे मला दोनदा मोठ्याने सांगावं लागलं.

"म्हंजे मी सेव्ह दाबलं होतं?"

"हो काकू. नऊही वेळा."

"आन हे तुले रविवारपासून ठावं होतं?"

"हो."

"मंग मले चार दिवस येडी काऊन होऊ देल्लं? तू चुकला असं सांगतलं असतं तं मी काय खाल्लं असतं तुले?" त्या थांबल्या. "मले ठावं असतं तं मी वडनेरले आलीच नसती. माही याद पक्की हाये का नाई, हेच मले समजेना झालतं. तेच तपासाले आली मी इथं."

त्या माझ्या गाडीवर बसल्या नाहीत. बस येईपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या, आणि मी थोडं दूर गाडीजवळ.

शुक्रवारी त्यांनी बोलावून घेतलं. पुस्तिका छापायला गेली होती. त्यांनी स्वतःचा मोबाइल माझ्यासमोर ठेवला. "आठ घरी फोन कर. काकूच्या हातून नाई, माह्या हातून गेलं म्हणून सांगजो. आन काय केलं तेबी."

मी एकेक फोन लावला. काहींना काही समजलं नाही. एक जण म्हणाले, "जाऊ द्या, होते असं." सुनावणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, "बाईले देजो फोन." काकूंनी तो घेतला नाही. हातानेच पुढचा लाव म्हणाल्या.

आठवा फोन ठेवला. खोलीत पाठमोऱ्या खुर्च्यांवर दोन माणसं बसली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नववा?" काकूंनी विचारलं.

"तिचा नंबर नाही, काकू. मी पुसला."

"ठावं हाये मले," त्या म्हणाल्या. "तुह्या तोंडून ऐकाचं होतं."