गवंड्याचा कोपरा
ओल्या चुन्याचा वास आला की शारजाच्या जुन्या वस्तीतली ती वारसाफेरी आठवते आणि अस्वस्थ व्हायला होतं. मी बातमीसाठी गेलो होतो. एका घरासमोर गाईड म्हणाली, ही भिंत दीडशे वर्षांची. गटातला रत्नागिरीकडचा एक गवंडी आपल्या मुलीला म्हणाला, "पडली होती ही, बेटा. आम्ही परत उभी केली. हा कोपरा माझा." मुलगी त्याची बाही ओढत कुजबुजली, "अब्बा, प्लीज, एव्हरीबडी इज लुकिंग." गाईड म्हणाली, "यल्ला, पुढे चला." तो हलेना. मला म्हणाला, "तुम्ही पेपरवाले ना? तुम्ही लिहा, मग माझ्या पोरीला पटेल." मी मान हलवली. बातमीत मात्र गाईडचंच वाक्य दिलं, कारण ते माहितीपत्रकात छापलेलं होतं. गवंड्याच्या म्हणण्याची खात्री करायला एक फोन पुरला असता. तो मी अजूनही केलेला नाही.