कापणाऱ्याचा वाटा

मास्तर गेले तेव्हा त्यांचं कापड बेतायचं टेबल एक दिवसही रिकामं राहिलं नाही. तिथे गेली कित्येक वर्षं त्यांची मुलगीच उभी राहत होती. गिऱ्हाइकं तिला मास्तरीण म्हणत. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे गेली, पण रोज सकाळी कुलूप काढायला तीच यायची. तिच्या नवऱ्याचं म्हणणं असं की, ही सासरी फक्त झोपायला येते.

पुढे रस्त्यावर दुकान, मागे टेबलाची मोठी खोली आणि वर मास्तर राहायचे त्या दोन खोल्या, एवढीच काय ती इस्टेट. मागच्या खोलीला उजव्या हाताला रुंद खिडकी होती. मास्तरीण डावखुरी. त्या उजेडात खडूच्या रेघेवर हाताची सावली पडायची नाही. मास्तरणीला आयुष्याकडून काय हवं होतं असं कुणी विचारलं असतं, तर तिने ही खोली सांगितली असती. पण कुणी विचारलं नाही.

दोघा भावांनी वाटणीचं काढलं तेव्हा दादा म्हणाला, "ताईचा प्रश्नच नाही. ती सही करील."

धाकटा म्हणाला, "ताई, हक्क सोडल्याचा कागद वकीलसाहेब करतायत. पण आधी वाटे तू पाडून दे. आमच्या हाताला रेघ सरळ येत नाही."

हे मात्र खरं होतं. घरात काहीही कापायचं झालं की कात्री, सुरी तिच्याच हातात यायची. त्याबरोबर मास्तरांचा एक नियमही यायचा: जो कापेल, त्याने शेवटी उचलायचं. लहानपणी एकदा दादाने टरबूज कापलं होतं, अगदी बेरकीपणाने, एक फोड चांगली ढोबळ ठेवून. ती धाकट्याने पळवली. दादाच्या वाट्याला साल आणि बिया आल्या. त्यानंतर दादाने सुरी हातात धरली नाही.

सुट्टीच्या दिवशी दुकान बंद ठेवून दोघे भाऊ वकिलाला घेऊन आले. मास्तरणीने टेबलावर खाकी कागद अंथरला होता आणि त्यावर सगळं घर खडूने आखून ठेवलं होतं, अंगरखा आखावा तसं. तिने कात्री चालवली. टेबलावर कागदाचे तीन तुकडे झाले.

दादाने मान वाकडी करून पाहिलं. "एक तुकडा जास्त झाला."

"मोजूनच कापलेत."

"तिसरा कुणाचा?"

"कापणाऱ्याचा."

धाकटा हसला, मग दादाकडे बघून हसू आवरलं. दादा खाली बसला. "वाटा मागणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही, हे तुला मी सांगायचं?"

"माहेर म्हणजे काय रे दादा? वहिनी 'घेणार का' असं विचारून अर्धा कप चहा देते, ते?"

"म्हणजे आता तिचा चहा काढणार तू."

"काढत नाही. साखर कमी असते, एवढंच."

वकिलाने घसा साफ केला. मृत्युपत्र नाही, तेव्हा मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. लग्न झालं म्हणून तो कमी होत नाही. आणि बाईंची सही नसेल तर आपण केलेला कागद रद्दीच्या भावाचा, असं तो पावसापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला.

"नियम बाबांचा आहे," ती म्हणाली. "आधी तुम्ही उचला."

दादाने दुकानाचा तुकडा उचलला. ते सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. धाकटा मात्र घुटमळला. वरच्या खोल्यांचा कागद त्याने उचलला, खाली ठेवला. मास्तरीण कात्रीचा स्क्रू उगीचच आवळत राहिली. एक शब्द पुरला असता. धाकटा तिचं ऐकणारा होता. पण कापणाऱ्याने बोलायचं नसतं, आणि नियमाचा आधार घेऊन उभं राहिल्यावर तो आपल्यापुरता वाकवणं तिला जमणारं नव्हतं.

"वर जिने चढायचे," धाकटा म्हणाला. "ही खालची गोदामाला बरी पडेल." आणि त्याने खिडकीची खोली उचलली.

"बरं," ती म्हणाली.

उरलेला तुकडा तिने घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला.

टेबल मास्तरांनी खोलीतच बनवून घेतलं होतं. ते दारातून निघेना, जिना तर लांबच. सुताराने कुठून कापू म्हणून विचारलं, तर तिने स्वतःच रेघ मारून दिली आणि करवत चालू असताना बाहेर जाऊन उभी राहिली.

वरच्या खोलीत दोन्ही अर्धे पुन्हा जोडले. इथली खिडकी डाव्या हाताला. पहिलं कापड अंथरलं तर रेघेवर तिच्याच हाताची सावली आली. ती थोडा वेळ सावलीकडे बघत राहिली. मग तिने टेबलाला वळसा घातला, पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि खडू उचलला.

खालून दादाची हाक आली, "ताई, गिऱ्हाईक आलंय. वर पाठवू का?"

"पाठव," ती म्हणाली. "जिना माझाच आहे."